ओट्यामागची भिंत : जाडी किती हवी?



आज बोलायचं आहे ओट्यामागच्या भिंतीबद्दल. शेगडीच्या मागची ती दोन-तीन फूट उंचीची पट्टी. फोडणीचं तेल तिच्यावरच उडतं, वरणाची वाफ तिच्यावरच बसते आणि भांडी विसळताना पाण्याचे शिंतोडेही तिच्याच अंगावर जातात. गवंडी तिला डॅडो म्हणतात. घर बांधताना या पट्टीचा विचार सगळ्यात शेवटी होतो. तोवर पैसे संपत आलेले असतात, मिस्त्रीला दुसऱ्या कामावर जायची घाई असते आणि दुकानदार विचारतो, "कोणता रंग दाखवू ताई?" आपण रंग निवडतो, फुलं निवडतो. जाडी किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

देवगाव फाटा हे रस्त्यावरचं गाव. जालना-जिंतूर रस्त्यावरची वाहनं इथूनच जातात, सेलूची वाट इथूनच फुटते. त्यामुळे बाजारात आलेला नवा माल आपल्यापर्यंत लवकर पोचतो. पूर्वी ओट्यामागे कडप्पा नाहीतर पांढऱ्या टाइल्स, एवढंच होतं. आता ग्रॅनाइट आहे, काच आहे, स्टीलचा पत्रा आहे, संगमरवरासारखी दिसणारी प्लास्टिकची शीट आहे आणि मागचा कागद सोलून भिंतीला चिकटवायची चमकी पण आहे. कुणी सांगतं, जितकं जाड तितकं टिकाऊ. कुणी सांगतं, पातळ घ्या, स्वस्त पडेल. दोघांचंही अर्धंच खरं आहे.

आम्हाला आज एकच गोष्ट सांगायची आहे. जाडीचा आकडा एकटा काही सांगत नाही. भिंत कशाची आहे, तिथे आच किती लागते आणि माल कोणता आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी काढायची. मग जाडी किती घ्यायची ते आपोआप कळतं.

सूत आणि मिलिमीटर

आधी भाषा समजून घेऊ. दुकानदार मिलिमीटरमध्ये बोलतो आणि मिस्त्री सुतात बोलतो. दोघांचं बोलणं आपल्याला कळलं तर कुणी फसवणार नाही. एका इंचात आठ सूत असतात. एक सूत म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे ६ मिलिमीटरची काच झाली दोन सूत, ८ मिलिमीटरची टाइल झाली अडीच सूत आणि १८ ते १९ मिलिमीटरचा ग्रॅनाइट झाला जवळजवळ सहा सूत, म्हणजे पाऊण इंच.

पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. पत्रा गेजमध्ये सांगतात आणि त्याचा हिशोब उलटा चालतो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेजचा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटरचा, २० गेजचा ०.९ मिलिमीटरचा आणि २२ गेजचा ०.७ मिलिमीटरचा. "२२ गेज देतो, २० पेक्षा भारी आहे" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

टाइलची जाडी मोजायला कसलं यंत्र लागत नाही. एकाच प्रकारच्या दहा टाइल एकावर एक रचा, लेकराच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरा आणि थराची उंची मोजा. तिला दहाने भागलं की एका टाइलची जाडी मिळाली. थर ८ सेंटिमीटर भरला तर टाइल ८ मिलिमीटरची. एकच टाइल मोजली तर अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. दहा मोजल्या की ती चूक दहात वाटली जाते.

पहिला प्रश्न : भिंत कशाची?

आपल्या भागात चार तऱ्हेच्या भिंती दिसतात. भाजक्या विटेची किंवा सिमेंटच्या ब्लॉकची, दगड-मातीची, नुसत्या मातीची आणि पत्र्याची. या प्रत्येकीची ओझं पेलायची ताकद वेगळी.

वीट किंवा ब्लॉक आणि त्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर फार काळजी नाही. अशा भिंतीवर टाइल चांगली बसते.

दगड-मातीच्या किंवा मातीच्या भिंतीवर मात्र सिमेंटचा गिलावा नीट धरत नाही. माती ओल घेते, सोडते, फुगते, आकसते. सिमेंट तसं करत नाही. दोघांचं जमत नाही आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. त्यावर टाइल लावली असेल तर गिलाव्यासकट टाइल खाली येते. अशा घरात जाड टाइल घेऊन काही साधत नाही, उलट ओझं वाढतं. तिथे दोन मार्ग आहेत. ओट्यामागे जमिनीपासून चार इंची विटेची वेगळी भिंत उभी करायची आणि तिच्यावर टाइल लावायची. नाहीतर भिंतीत लाकडी पट्ट्या पक्क्या बसवून त्यांवर स्टीलचा हलका पत्रा स्क्रूने मारायचा.

पत्र्याच्या घरात टाइल थेट भिंतीला लावूच नका. पत्रा उन्हाने तापतो, रात्री थंड होतो, दिवसातून एकदा ताणतो आणि एकदा आकसतो. त्यावर सिमेंट धरत नाही. तिथे लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यावर ८ किंवा १० मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड बसवायचा आणि त्यावर स्टीलचा पत्रा किंवा हलकी टाइल लावायची. एक सूचना इथेच देतो. घरात जुने सिमेंटचे पत्रे पडले असतील तर ते कापून हे काम करू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

भिंत कशाचीही असो, ओल आणि तडा आधी बघायचा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं घर थोडं थोडं हलतं. म्हणून आपल्याकडे भिंतीला तिरपे तडे जातात. तड्यावर टाइल लावली तर काही महिन्यांत तोच तडा टाइलमधून वर येतो. टाइल पातळ असो की जाड, तडा दोघींना सारखाच फोडतो. आधी तडा छिन्नीने मोकळा करून भरायचा, ओल कुठून येते ते शोधून बंद करायची, मग टाइलकडे वळायचं.

दुसरा प्रश्न : ओझं किती?

आता थोडा हिशोब करू. समजा ओटा आठ फूट लांब आहे आणि मागची पट्टी तीन फूट उंच घ्यायची आहे. आठ गुणिले तीन, चोवीस चौरस फूट.

८ मिलिमीटरच्या साध्या सिरॅमिक टाइलचं वजन चौरस फुटाला साधारण दीड किलो. चोवीस चौरस फुटांचे झाले ३६ किलो. ६ मिलिमीटरची काचही जवळपास तेवढीच भरते. १८ मिलिमीटरच्या ग्रॅनाइटचं वजन मात्र चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास. चोवीस चौरस फुटांचे झाले १०८ किलो. म्हणजे एक क्विंटलच्या वर. सिमेंटच्या दोन गोण्या भिंतीला चिकटवून ठेवल्यासारखं आहे ते. आणि खाली आपण उभ्या असतो, शेगडी पेटलेली असते, शेजारी लेकरू बसलेलं असतं.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने लोक दबले, हे मराठवाडा विसरलेला नाही. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात धक्के बसले, ते परभणी जिल्ह्यातही जाणवले. घाबरवायला हे सांगत नाही. जाड म्हणजे मजबूत, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. कमकुवत भिंतीवरचं जाड ओझं मजबुती देत नाही, एवढंच यातून लक्षात ठेवायचं.

ग्रॅनाइट आवडत असेल तर त्यालाही चांगला मार्ग आहे. ओट्याच्याच ग्रॅनाइटची चार ते सहा इंच उंचीची पट्टी ओट्यावर टेकवून भिंतीलगत उभी करा. तिचं वजन भिंतीवर येत नाही, ओट्यावर येतं. पाणी सगळ्यात जास्त साचतं ते त्याच कोपऱ्यात, तिथे ग्रॅनाइट कामाला येतो. त्याच्या वर टाइल लावा. तीन फूट उंचीपर्यंत दगडच हवा असेल तर नुसत्या सिमेंटवर भागवू नका, मागे धातूच्या पिना किंवा क्लॅम्प लावायला सांगा. आणि तेही पक्क्या विटेच्या भिंतीवरच.

कडप्पा आणि शहाबादी आपल्या ओळखीचे दगड. कडप्पा आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो म्हणून त्याला ते नाव पडलं, शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादकडची. दोन्ही चुनखडीच्या जातीचे आहेत. आंबट लागलं की त्यांचा वरचा थर खातो. चिंचेचा कोळ, लिंबू, दही सांडून तसंच राहिलं तर पांढरट डाग पडतो, आणि तो घासून जात नाही, कारण तिथला दगडच खाल्लेला असतो. फरशी धुवायचं ॲसिड त्यावर कधीच वापरू नका. दगड दीड इंच जाड घेतला तरी डाग पडायचा तो पडतोच.

तिसरा प्रश्न : आच किती?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे चुकलं तर घर पेटू शकतं.

बाजारात संगमरवरासारखी दिसणारी आठ फूट बाय चार फुटांची शीट मिळते. एकच शीट, सांधा नाही, मिस्त्री लागत नाही, तासाभरात काम होतं. दिसायला छान, जाडी ३ मिलिमीटर. पण ती प्लास्टिकची आहे, बहुतेक वेळा पीव्हीसीची. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. पाणी उकळतं १०० अंशाला. म्हणजे शेगडीवरच्या पातेल्याचा तापलेला काठ जरी तिला टेकला तरी ती वाकते आणि ज्योत लागली तर जळते. पीव्हीसी जळताना जो धूर निघतो तो डोळ्यांना झोंबतो, घशाला जाळतो. ३ ऐवजी ५ मिलिमीटरची घेतली तरी हा गुण बदलत नाही. उलट जळायला प्लास्टिक जास्त मिळतं.

दुकानांच्या पाट्यांना लावतात ती ॲल्युमिनियमची शीटही काही जण ओट्यामागे लावतात. वरून ती धातूची दिसते. खरं तर दोन्ही बाजूंना पाव-अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो आणि मधे स्वस्त मालात पॉलिथिनचा गाभा. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर नावाच्या चोवीस मजली इमारतीला आग लागली. ती सुरू झाली एका घरातल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजपाशी. बाहेरच्या भिंतींवर अशीच पॉलिथिनचा गाभा असलेली शीट होती. तिच्यामुळे आग इमारतभर पसरली आणि ७२ माणसं गेली. आपलं घर एक मजल्याचं आहे, तिथली गोष्ट मोठी आहे. पण गाभ्यातलं प्लास्टिक तेच आहे. वरचा पापुद्रा धातूचा दिसला म्हणून फसू नका, कापलेली कड मागून बघा. मधे काळा किंवा पांढरट थर दिसला तर शेगडीमागे ती शीट नको.

चिकटवायची चमकी त्याहूनही पातळ असते. तिची चांदी जळत नाही, पण मागचा डिंक आणि वरचं प्लास्टिक जळतं आणि तापलं की ती सुटून शेगडीवर लोंबते. या वस्तू घरात वापरायच्याच असतील तर मांडणीच्या मागे, पाण्याच्या माठामागे लावा. शेगडीपासून त्या लांब असलेल्या बऱ्या.

काचेचं वेगळं. साधी काच तापून तडकते. एका जागी आच लागली आणि बाकी काच थंड राहिली की ती तिथेच फुटते. शेगडीमागे लावायची तर टफन केलेलीच काच हवी, जाडी ६ मिलिमीटर पुरते. ती फुटलीच तर तिचे बारीक खडे होतात, सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. स्विचबोर्डाची, नळाची जागा आधी मोजून द्यावी लागते. माप चुकलं की काच वाया. मागची भिंतही अगदी सपाट हवी. त्यामुळे आपल्या साध्या घरांत काच फार सोयीची नाही.

स्टीलचा पत्रा जळत नाही, पुसायला सोपा, वजन चौरस फुटाला पाऊण किलोच्या आत. २० गेजचा घ्यावा, २२ गेजचाही चालतो, पण मागे आधार सपाट हवा, नाहीतर बोट दाबलं की पत्रा वाजतो आणि पोचे पडतात. पत्र्यामागे प्लायवूड लावायची पद्धत आहे. शेगडीच्या मागे तरी प्लायवूडऐवजी सिमेंट बोर्ड लावायला सांगा, कारण धातूतून धग मागे जाते. आणि पत्र्याच्या कडा वळवून घ्या, कोरी कड हात कापते.

आणि चूल? आपल्यातल्या कितीतरी जणींकडे गॅस आला तरी पाणी तापवायला, भाकरीला चूल आहेच. चुलीची ज्योत भिंतीला भिडते. तिच्यामागे टाइल लावली तर तडकते, ग्रॅनाइटही तडकतो, कडप्प्याचे पापुद्रे निघतात. चुलीमागे आपल्या आज्या जे करत आल्या तेच बरोबर आहे. भाजकी वीट किंवा मातीची जाड भिंत आणि तिच्यावर मातीचा गिलावा. तो उकलला की पुन्हा लिंपता येतो. इथे मात्र जाडी कामाची आहे, कारण मातीची जाड भिंत धग पलीकडे जाऊ देत नाही.

मग बहुतेक घरांना काय?

विटेची भिंत आणि गॅसची शेगडी असलेल्या घराला ७ ते ९ मिलिमीटरची सिरॅमिक टाइल पुरेशी आहे. ती भट्टीत भाजून तयार होते, त्यामुळे शेगडीच्या धगीचं तिला काही वाटत नाही. आंबटाने डाग पडत नाही, तेल पुसलं की जातं. आपल्या देशातल्या टाइलचा मोठा कारखानदारी पट्टा गुजरातमधल्या मोरबीला आहे, आपल्या दुकानांतला बराच माल तिकडूनच येतो. सिरॅमिक टाइलसाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे. खोक्यावर तो आकडा आहे का, ते बघा. सगळी खोकी एकाच बॅचची, एकाच शेड नंबरची आहेत का, तेही बघा. बॅच बदलली की रंगात फरक येतो, कधी जाडीतही येतो आणि मग एक टाइल वर, एक खाली दिसते.

जमिनीची जाड टाइल भिंतीला लावू का, असं बऱ्याच जणी विचारतात. उरलेली असेल तर लावता येते, पण ती व्हिट्रिफाइड असेल तर पाणी जवळजवळ पितच नाही. त्यामुळे सिमेंटचा घोळ तिला धरत नाही, ती सुटते. तिला टाइल चिकटवायचा केमिकल मसालाच लागतो. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून ती आधी पाण्यात भिजवून सिमेंटने लावता येते. मुद्दाम पैसे घालून जमिनीची जाड टाइल भिंतीसाठी घेण्यात काही फायदा नाही. भिंतीवर कुणी चालत नाही.

उंची ठरवताना टाइलचं माप बघा. बारा इंच बाय अठरा इंचाची टाइल उभी लावली तर दोन ओळींत बरोबर तीन फूट होतात. आठ फूट ओट्याला एका ओळीत आठ, दोन ओळींत सोळा टाइल लागतात. कापाकापी नाही. फुटतुटीला दोन जास्त घ्या, अठरा झाल्या. उंची दोन फूट ठरवली तर वरची ओळ कापावी लागते आणि कापलेले तुकडे वाया जातात. कधी कधी तीन फुटांचा खर्च दोन फुटांपेक्षा फार जास्त येत नाही, तो असा.

गिलाव्याच्या आधी ठरवा

जाडी आधी का ठरवायची, याचं खरं कारण इथे आहे. टाइल ८ मिलिमीटरची असली तरी तिच्यामागे सिमेंटचा माल १२ ते १५ मिलिमीटरचा बसतो. दोन्ही मिळून पाऊण इंचापेक्षा जास्त होतात. गिलावा आधीच गुळगुळीत करून ठेवला असेल तर टाइल भिंतीच्या पुढे पाऊण इंच येते आणि वर एक कड तयार होते. त्या कडेवर तेलकट धूळ बसते, झुरळं फिरतात. गवंड्याला गिलाव्याच्या आधीच सांगितलं, की इथे टाइल येणार आहे, इथला थर कमी ठेव आणि खरबरीत ठेव, तर टाइल भिंतीशी सपाट बसते. चिकटवायचा मसाला वापरला तर मागचा थर ३ ते ६ मिलिमीटरवर भागतो, पण त्यासाठी भिंत ओळंब्यात सरळ हवी.

नळाचंही तसंच. प्लंबर भिंतीत पाइपाचं तोंड बसवतो तेव्हा पुढे किती जाडी येणार, याचा अंदाज धरतो. त्याने टाइल धरली आणि आपण नंतर ग्रॅनाइट लावला तर नळ आत जातो, मग वेगळा तुकडा जोडून तो पुढे आणावा लागतो. जितके जोड जास्त तितकी गळती जास्त. मिक्सरच्या स्विचबोर्डाचा डबाही तसाच आत जातो.

घरकुलाच्या घरात तर इंच-इंच मोलाचा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण पावणेतीनशे चौरस फुटांचं धरलं आहे, आणि त्यातच स्वयंपाकाची स्वच्छ जागाही धरली आहे. दोन फूट रुंदीच्या ओट्यावर ग्रॅनाइट आणि मागचा माल मिळून सव्वा ते दीड इंच जागा खातो. शेगडी तेवढी पुढे, आपल्या पोटाकडे येते. ओट्याच्या कडेवर आलेल्या शेगडीवरचं भांडं लेकराच्या हाताला लागतं. शेगडी भिंतीलाही खेटू नका. मोठं पातेलं ठेवल्यावर त्याच्या आणि भिंतीच्या मधे मूठ सहज जाईल एवढी जागा राहू द्या. शेगडीसोबतच्या कागदावर अंतर दिलं असेल तर तेच पाळा. गॅसची नळी शेगडीच्या मागून, तापणाऱ्या भिंतीला घासून नेऊ नका आणि नळीवर छापलेली मुदत बघत जा.

लावताना उभं राहून बघा

टाइल चांगली, जाडी बरोबर, तरी पडते. का? मागे पोकळ राहते म्हणून. घाईत काही जण टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मधे मालाचे गोळे ठेवतात आणि टाइल भिंतीला दाबतात. बाहेरून छान दिसते, आत हवा राहते. त्या पोकळीत पाणी जातं, मुंग्या-झुरळं जातात आणि एक दिवस भांड्याचा धक्का लागला की टाइल फुटते. टाइलच्या पूर्ण पाठीवर माल पसरायला सांगा. गिलावा गुळगुळीत असेल तर आधी छिन्नीने टोचे मारून घ्यायला सांगा. दोन टाइलच्या मधे २ मिलिमीटरची फट राहू द्या आणि ती नंतर भरून घ्या. टाइलला टाइल खेटून बसवली तर घर जरा हललं की एक दुसरीला ढकलते.

चैत्र-वैशाखात काम काढलं असेल तर जास्त जपा. आपल्याकडच्या उन्हात सिमेंटचं पाणी धरायच्या आधीच उडून जातं. भिंत आधी ओली करा, काम सकाळी घ्या. नवा गिलावा असेल तर त्याला कमीत कमी सात दिवस पाणी मारा.

दोन-तीन दिवसांनी एक नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर वाजवून बघा. माठ घेताना आपण वाजवून बघतोच की! भरीव टाइल टणक वाजते, पोकळ टाइल बद्द वाजते. बद्द वाजलेल्या टाइलवर खडूने खूण करा आणि मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी ती बदलून घ्या. पैसे दिल्यावर तो परत यायला वेळ लागतो, हे सांगायला नको.

गटात बोलण्यासाठी

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरात दिवसातले चार-पाच तास आपण असतो, पण त्याचा माल आणायला बहुतेक वेळा घरातली दुसरीच माणसं जातात. बचत गटाचं कर्ज काढून ओटा केला तरी फेडायचं आपण आणि ठरवायचं दुसऱ्याने, असं होतं. म्हणून यंदा ज्या घरी बांधकाम निघेल तिथल्या बाईने स्वतः दुकानात जावं, सोबत गटातली एकजण न्यावी आणि पाच प्रश्न विचारावेत.

हा माल कशाचा आहे, आत प्लास्टिक आहे का? याची जाडी किती, मोजून दाखवता का? चौरस फुटाला वजन किती? माझी भिंत अमुक प्रकारची आहे, तिच्यावर हे कशाने लावायचं आणि त्या मसाल्याचा खर्च धरून चौरस फुटाला किती पडेल? आणि पक्कं बिल मिळेल ना, त्यावर मालाचं नाव आणि जाडी लिहाल ना?

प्लास्टिकच्या शीटबद्दल शंका असेल तर दुकानदाराकडून नमुन्याचा छोटा तुकडा मागून घ्या. तो घरात पेटवून बघू नका, धूर वाईट असतो. एका भांड्यात नुकतंच उकळलेलं पाणी घ्या आणि चिमट्याने तो तुकडा दोन मिनिटं त्यात बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर वाकला, मऊ पडला, तर तो शेगडीमागे लावायचा नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या ओट्यामागे काय आहे, ते सांगा. कुणाकडे शेगडीमागे चमकी किंवा प्लास्टिकची शीट असेल तर निदान शेगडीमागचा भाग या आठवड्यात काढून टाका. टाइल लगेच लावणं परवडलं नाही तरी चालेल. सिमेंटच्या गिलाव्याची उघडी भिंत तेलकट होईल, पण जळणार नाही.